परत न येणारा माल

शूटिंगचं सामान सांभाळणाऱ्याला कॅमेऱ्याची काळजी तशी कमीच. कॅमेऱ्याला नंबर असतो, विमा असतो आणि तो परत यायचा असतो. डब्लिनच्या ॲडम्सटाउनला राहणाऱ्या एका मराठी प्रॉडक्शन मॅनेजरची झोप उडते ती गॅफर टेपपायी. टेप, रंगीत जेल, मेकअपचे स्पंज, धुराच्या मशीनचं द्रव: वापरलं की संपलं.

२०२१ पासून ब्रेक्झिटने यात भर घातली. लंडनहून भाड्याने लेन्स आणायच्या तर कार्ने, म्हणजे परत न्यायच्या मालाचा सीमाशुल्काचा कागद, काढायचं. त्यावर प्रत्येक नग नंबरासकट लिहायचा आणि मुदतीत, म्हणजे फार तर वर्षाच्या आत, परत न्यायचा. संपणारा माल मात्र कार्नेवर चालत नाही. त्याचे कागद वेगळे, कर वेगळा.

यंदा हाताखाली पुण्याची एक मुलगी आली, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम केलेली. तिचं म्हणणं, "दादा, साठा म्हणजे अडकलेला पैसा. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागवा." कारखान्यात ते बरोबर आहे, तिथे उद्याही तोच भाग लागणार असतो. शूटिंगला रोज जागा नवी, यादी नवी. त्यात डिसेंबरात डब्लिनला उजेड जेमतेम साडेसात तास. दुपारी तीनला टेपचा शेवटचा वेढा सुटून नुसती पुठ्ठ्याची रिंग हातात राहिली, तर अख्खं युनिट खोळंबतं.

या वादात त्याला सिनेमावाले दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तो एकदाच. कच्ची फिल्म मात्र सतत लागायची आणि यायची ती कडांना भोकं नसलेली. दादरच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात ती भोकं पाडत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. ‘राजा हरिश्चंद्र’चा सगळा पुरवठा त्या बाईंच्या हातात होता, असं तो ठासून सांगतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात फिल्मची टंचाई झाली, तेव्हा सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली. फूट मोजणारी ती शिस्त मेमरी कार्डांच्या जमान्यात गेली, याचा त्याला राग आहे. कॅमेरा उगाच चालू ठेवतात. बॅटऱ्या आणि हार्ड डिस्क कुणी मोजत नाही. टेपच्या फोडलेल्या रोलचे पूर्ण पैसे लावणाऱ्या भाडेवाल्यांना तर तो व्यापारीच मानत नाही.

मुलीने शूटिंगहून आलेले अर्धेमुर्धे रोल स्वयंपाकाच्या काट्यावर तोलायला सुरुवात केली. रिकाम्या रिंगचं वजन वजा करून किती टेप खपली ते ती वहीत मांडते. महिनाभरात त्या वहीने त्याचा अंदाज मागे टाकला. तो आता वही बघूनच मागणी लावतो. तरी कुणी न सांगितलेली वस्तू आपल्याच व्हॅनमधून निघावी आणि सगळ्यांनी वळून बघावं, ही हौस सुटत नाही, हे तो कबूल करतो. म्हणून तिच्या यादीवर दोन रोल जास्त चढतात. तीही आता ते वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते.