आईचा पुरावा

आईला कायमचं अमेरिकेत आणण्यासाठी भरलेल्या आय-130 अर्जावर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: आणखी पुरावा द्या. इकडे न्यू जर्सीत या पत्राला सगळे ‘आरएफई’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुनंदा, तिच्या पासपोर्टवर कमल. ही एकच बाई कशावरून?

कशावरून म्हणजे काय! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं आणि ती सुनंदा झाली. सासरी, रेशनकार्डावर, माझ्या जन्माच्या नोंदीतही. पण ती जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. नोकरीला लागताना दिलेला शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, म्हणून पगारपत्रकात, पेन्शनच्या कागदांत आणि पुढे पासपोर्टात ती कमलच राहिली. राजपत्रात नावबदल छापून आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाबांचं नातं सांगायला माझं नुसतं नाव पुरतं. मधलं त्यांचं, आडनावही त्यांचं. आईचं त्यात काहीच नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं महाराष्ट्र सरकारने ठरवलं, चांगलंच केलं. मला त्याचा उपयोग शून्य.

पत्राच्या उत्तराला मुदत 84 दिवसांची, वाढवून मिळत नाही. उत्तर एकदाच द्यायचं. अर्धवट पाठवलं तर जे हाती आहे त्यावरच निकाल. मूळ पत्र गठ्ठ्याच्या सगळ्यात वर. दिलासा एवढाच, की शंकेला जागाच उरू नये असं सिद्ध करायचं नसतं, पारडं आपल्या बाजूला झुकलं की भागतं.

मामाने पंचायत समितीतून आईच्या सेवापुस्तिकेची साक्षांकित प्रत काढली. पहिल्या पानावर कमल, आणि नामनिर्देशनात पती म्हणून बाबा, मुलगी म्हणून मी. माझ्या मते खरं काम याच पानांनी केलं. लग्नपत्रिका जोडली. मावशी आणि शेजारच्या काकू यांची प्रतिज्ञापत्रं घेतली. मावशीने आधी ‘माझी बहीण अत्यंत सालस व कष्टाळू’ असं पानभर लिहून पाठवलं. वकीलबाईंनी सगळं कापलं. सालस असण्याचं इथे काय करायचं? तुम्ही कुठे होता, काय पाहिलंत, ते लिहा. मग मावशीने लिहिलं, ‘मी करवली होते. ताटात नवीन नाव लिहिलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते.’ एका मैत्रिणीने इंग्रजी भाषांतर केलं आणि ते पूर्ण व अचूक असल्याचं लिहून खाली सही केली.

“जन्मभर मी हजेरी घेतली, आता माझी घेतायत होय?” आई फोनवर म्हणाली.

अर्ज मंजूर झाला. आता मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात व्हिसाची मुलाखत, आणि तिथे आईचा स्वतःचा जन्मदाखला लागतो. ती घरीच जन्मली, नोंद कुणी केली नाही. ‘नोंद आढळत नाही’ एवढा एक दाखला मिळावा म्हणून मामा सध्या ग्रामसेवकाकडे खेटे घालतो आहे.