वाट मोकळी करणारे इंजिन

आमच्या मारेगावास रेल्वे नाही. गाडीसाठी वणीस जावे लागते. बर्फ तर आम्ही गोळेवाल्याच्या गाडीखेरीज कोठेही पाहिलेला नाही. तथापि बर्फ काढणाऱ्या इंजिनाचे आमच्या घरावर ऋण आहे.

आमचे धाकटे बंधू सैन्यात असून काश्मिरात होते. मातोश्री अंथरुणास खिळल्या, तेव्हा आम्ही त्यांस बोलाविले. उत्तर आले, "बर्फामुळे गाडी बंद आहे, रूळ मोकळे होताच निघतो." खोलीतील कापसाच्या ढिगाकडे पाहून मातोश्री म्हणाल्या, "एवढा बर्फ कोण रे उपसणार?"

आम्ही शोध घेतला. पीर पंजाल पर्वताखालून बनिहालकडून काझीगुंडकडे जाणारा, ११ किलोमीटरांहून लांब बोगदा २०१३ साली खुला झाला. त्या मार्गावर हिवाळ्यात डिझेल इंजिनापुढे लोखंडी फाळ लावून बर्फ दुतर्फा सारतात. फार दाट थर असेल, तर फिरत्या पात्यांचे यंत्र तो कापून दूर उडविते. अशा फिरत्या यंत्राची कल्पना १८६९ साली कॅनडातील जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्याने मांडली, हे ऐकून मातोश्रीही हसल्या.

चौथ्या दिवशी बंधू आले. मातोश्रींनी त्यांचे हात चाचपले व पुसले, "तुझी वाट ज्याने मोकळी केली, तो घरी केव्हा जातो रे?"

बंधू निरुत्तर झाले. विद्यार्थी मित्रहो, त्या इंजिनात उतारू नसतात, त्यास निरोप द्यावयासही कोणी येत नाही; परंतु मागच्या गाडीतील प्रत्येक जण त्याच्यामुळेच घरी पोहोचतो.