सूर्यास्तापूर्वीचे ताट

कुटुंबाची सहल ठरू लागली की घरात बहुधा तीन प्रश्न विचारले जातात. अंतर किती, खर्च किती आणि पाहण्यासारखे काय? चौथा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपल्यापैकी कोणाला तिथे मुकाट्याने सोसावे लागेल? पुण्यातील एका सहा माणसांच्या कुटुंबात हा प्रश्न विचारला गेला, पण एक वर्ष उशिरा.

मागच्या हिवाळ्यात हे कुटुंब पवना धरणाच्या काठी तंबूत राहून आले होते. लोहगड, तिकोना आणि तुंग या किल्ल्यांच्या कुशीतला तो जलाशय मनोहर आहे यात शंका नाही. छायाचित्रेही सुरेख आली. मात्र रात्रीचे जेवण साडेनऊला आले. आजींचा चौविहार चाळीस वर्षांचा. सोबत घेतलेले दोन खाकरे त्यांनी दिवस मावळण्यापूर्वीच मोटारीत बसून खाल्ले होते. कोणी विचारलेच तर ‘माझं झालंय’ एवढेच त्या म्हणत होत्या. स्वच्छतागृह उताराच्या टोकाला आणि वाट अंधारी, म्हणून दुपारपासूनच त्यांनी पाणी जपून घेतले. जमिनीवरच्या गादीवरून उठताना गुडघा साथ देईना, तेव्हा बॅगेला पाठ टेकून त्या पहाटेपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी परतताना ‘छान झालं सगळं’ असे म्हणणाऱ्यांत त्याही होत्या.

यंदा मुलाने चार दिवसांची रजा काढली. नातवंडांना समुद्र हवा होता, सुनेला तळ्याकाठची शांतता. बेत रंगू लागला तशा आजी सहज म्हणाल्या, “या वेळी तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते.” सर्वांनी ते तितक्याच सहजपणे ऐकले असते. परंतु बारा वर्षांची नात म्हणाली, “आजी तंबूत रात्रभर बसून होती. मी दोनदा जागी झाले, तेव्हा ती बसलेलीच होती.”

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. आजोबा शेजारच्या तंबूत नातवाजवळ निजले होते, त्यांनाही हे ठाऊक नव्हते. मुलाने विचारले, “आई, तू तेव्हाच का नाही सांगितलंस?” आजी म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुमचं जेवण गोड लागलं असतं का?” या उत्तरावर कोणाजवळ काही बोलायला उरले नाही.

आजोबांची सारी हयात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात धान्याच्या व्यापारात गेली. हिशेब वहीत उतरल्याशिवाय तो खरा नाही, ही त्यांची जुनी धारणा. त्यांनी लाल कापडी बांधणीची वही काढली आणि कोऱ्या पानावर स्थळाचे नाव लिहिण्याऐवजी प्रश्न लिहिले. संध्याकाळचे जेवण पाचच्या सुमारास मिळेल काय? कांदा, लसूण, बटाटा वगळून, वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक होईल काय? उकळलेले पाणी मिळेल काय? पलंग जमिनीपासून किती उंच? स्वच्छतागृह खोलीला लागून आहे काय, कमोड आहे काय, धरायला दांडी आहे काय? मोटार उभी राहते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? ध्वनिवर्धक केव्हा बंद होतो?

दूरध्वनी करण्याचे काम सुनेने घेतले. पहिल्या तीन ठिकाणी ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द ऐकू आले, पायऱ्यांची संख्या कोणी सांगेना. एका ठिकाणी लाकडी कॉटेज अतिशय देखणे होते, पण खांबांवर उभारलेले, चौदा पायऱ्या चढून जायचे. आणखी एका व्यवस्थापकाने सुचवले, “आजीबाईंना एक दिवस चालवून घ्यायला सांगा ना.” सुनेने त्या नावावर शांतपणे काट मारली. तंबूचाही विचार पुन्हा झाला. तंबू स्वस्त असतो आणि मुलांना प्रिय असतो. पण हिवाळ्यात पाण्याकाठी दव इतके पडते की पहाटे कापड ओलसर होते, अंथरूण गार पडते. मुलांना त्याची मौज वाटते, सांधे धरलेल्या माणसाला ती वाटत नाही.

अखेर दोन मुक्काम निश्चित झाले. पहिली रात्र मुळशी जलाशयाकाठी, पुढच्या दोन ताम्हिणी घाट उतरून, माणगाव आणि म्हसळ्यावरून दिवेआगरला. एकाच वाटेवर तळेही साधले आणि सागरही. मुळशीला एकही पायरी नसलेले बैठे कॉटेज मिळाले. तंबूपेक्षा रात्रीला दीड हजार रुपये अधिक. मुलगा किंचित घुटमळला, तेव्हा आजोबा म्हणाले, “मागच्या वर्षी हे दीड हजार वाचवले, ते कोणी भरले ते आता कळलंच आहे.” नातवंडांसाठी एक लहान तंबू कॉटेजच्या अंगणात लावायचा, हेही मालकाने मान्य केले.

मुळशीला पोहोचल्यावर आजोबांनी मुलांना पाण्याकडे बोट दाखवून सांगितले की या जलाशयाखाली एके काळी गावे आणि भातखाचरे होती. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी हे धरण बांधले जात होते, तेव्हा १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व सेनापती बापटांकडे आले. पाणी पश्चिमेकडे भिऱ्याला उतरते आणि तिथे वीज निर्माण होते. मुळशीचा आंबेमोहोर आजोबांनी दुकानात वर्षानुवर्षे विकला होता, त्यामुळे हा तालुका त्यांना तांदळाच्या वासाने ओळखीचा होता.

सव्वापाचला ताटे वाढली गेली. मुगाची आमटी, भोपळ्याची भाजी, गरम भाकरी आणि आंबेमोहोरचा भात. आजींचे ताट आधी वाढून इतरांनी नंतर जेवायचे, असे ठरले होते. पण ऐनवेळी मुलगा म्हणाला, “आपणही आत्ताच बसू.” सहाही जण पंगतीला बसले. सूर्य डोंगराआड जायला अद्याप अवधी होता. पुढची संध्याकाळ इतकी लांब वाटली की सून म्हणाली, एवढा वेळ रोज कुठे जातो कोण जाणे. त्या रात्री आजी शांत निजल्या. नात तंबूतून उठून एकदा दारापाशी डोकावून गेली.

दिवेआगरचा मुक्काम एका घरगुती निवासात होता. नारळी-पोफळीच्या बागेतून किनाऱ्याला जाणारी वाट सपाट होती. वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले आणि लसणाविना सोलकढी, असा स्वयंपाक त्या घरातील काकूंनी आनंदाने केला. समुद्रावर केव्हा जायचे ते मात्र आजोबांनी पंचांगावरून ठरवले. कोकणात जुना आडाखा आहे. तिथीच्या अंकाला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरतीची वेळ अंदाजे कळते. त्या दिवशी शुद्ध तृतीया होती. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठला ओहोटी. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणून पाणी बरेच मागे हटणार होते. ओहोटीच्या ओढीत पाण्यात कोणी शिरायचे नाही, हा नियमही त्यांनी नातवंडांना तेव्हाच घालून दिला.

नवकारसी पाळून आजी सव्वाआठला किनाऱ्यावर आल्या. ओहोटीने उघडी पडलेली वाळू ओली आणि घट्ट होती. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि गुडघा दुखतो, या वाळूवर तो त्रास नव्हता. नातीचा हात धरून त्या सुरूच्या बनापासून दूरवर चालत गेल्या. येताना त्यांनी हात सोडला. आजोबा एका जागी उभे राहून ते पाहत होते.

परतीच्या वाटेवर घाट चढताना मोटारीत सगळे पेंगुळले होते. आजी तेवढ्या जाग्या होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी कुठे जायचं ठरवाल, तेव्हा ती वही आधी माझ्याकडे द्या.”