टीव्हीची पाठ

छपरावरचा अॅल्युमिनियमचा अँटेना. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा रायगड जिल्ह्यातल्या पेणपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, वायव्येला. पेणच्या रामवाडीतल्या कौलांवरचे आणि पत्र्यांवरचे अँटेने त्याच दिशेला तोंड करून असत. मुंबई कुठल्या अंगाला आहे, हे छपरांकडे पाहून कळे.

चपटी वायर. दोन तारा, मधे प्लॅस्टिकची पट्टी. खिडकीच्या फटीतून ती आत येई. टीव्हीच्या पाठीला दोन स्क्रू असत. तारांची टोके सोलून त्यांना पिळायची. पुढे स्क्रू गेले आणि गोल वायरीचे गोल भोक आले.

छपरावर एक जण, दारात एक, टीव्हीसमोर एक. आलं, आलं, गेलं. कावळा बसला की अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. हे तिघांचे काम होते. आता चित्र अडकले की पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहते. घरातले बसल्या जागी त्याकडे पाहतात.

अँटेन्याचा बूस्टर. लाल दिव्याची छोटी पेटी. आजही दुकानात बूस्टर मागितला तर मिळतो. तो वायफायचा असतो.

चॅनेलचे गोल बटण. त्याला बारा घरे. एका घरात दूरदर्शन, नंतर दोन घरांत. उरलेली रिकामी.

लाकडी शटर. कार्यक्रम संपला की ओढून घेत. काही शटरांना कुलूप असे. परीक्षेच्या दिवसांत ते लागे.

टीव्हीचा माथा. त्यावर विणलेला रुमाल, फुलदाणी, पेणच्या कारखान्यातली वीतभर गणेशमूर्ती. पडदा चपटा झाला, भिंतीवर गेला. त्याच्या माथ्यावर आता काही राहत नाही.

तीन रंगांची भोके. पिवळे चित्राचे, पांढरे डाव्या आवाजाचे, लाल उजव्या आवाजाचे. पिवळ्यात पिवळी, लालमध्ये लाल. ही जोडणी लहान मुलांनाही येई. व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणत. नंतर डीव्हीडी प्लेअर आला. गणपतीत त्यावर आरत्यांची तबकडी लागे.

लग्नाची कॅसेट. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कॅसेटा कपाटांत आहेत. कोकणच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. काही माणसांचा आवाज फक्त त्या फितीवर आहे.

संगणकाचे भोक. पंधरा छिद्रे, निळी पिन, दोन्ही बाजूंना दोन स्क्रू. नव्या टीव्हींना ते सहसा नसते.

चपट्या टीव्हीची पाठ भिंतीला टेकते, म्हणून भोके आता बाजूला किंवा खाली उघडतात. दोन-तीन एचडीएमआयची, एक-दोन यूएसबीची, एक इंटरनेटच्या तारेचे. एचडीएमआयच्या पिनेत १९ संपर्क असतात. चित्र आणि आवाज एकाच तारेतून जातात. रंग जुळवावे लागत नाहीत.

तिन्ही रंगांच्या जागी अनेक टीव्हींना एकच बारीक भोक उरले, हेडफोनच्या पिनेएवढे. सोबत खोक्यात वीतभर वायर देत. तिच्या एका टोकाला ती बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तिन्ही रंग. काही नव्या खोक्यांत ती वायर नसते. काही टीव्हींना ते भोकही नसते.

सोल्डरिंगचा वास. मेकॅनिक घरी येई, पाठ उघडून पलंगावर ठेवी, पिचकलेले भोक डाग देऊन बसवी. पाठीमागची धूळ त्याच दिवशी पुसली जाई. आता पॅनेल गेले की टीव्ही गेला.

व्हिडिओकॉन. औरंगाबादची कंपनी. जून २०१८ मध्ये तिचे दिवाळखोरीचे प्रकरण सुरू झाले. त्या नावाचे संच अजून काही घरांत पोटमाळ्यावर आहेत.

छत्र्या. उपग्रहांसाठी त्या आग्नेयेकडे तोंड करून लागल्या, अँटेन्यांच्या बरोबर उलट. काही वर्षे एकाच छपरावर दोन्ही होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. जिल्हाभर विजेचे खांब पडले, पत्रे उडाले. त्यानंतर छपरे पुन्हा शाकारली. अँटेने पुन्हा कोणी उभे केले नाहीत.

दूरदर्शनचे देशातले बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद झाले.

वायफायला दिशा नसते.

अँटेन्याचा लोखंडी पाइप काही भिंतींना अजून पट्ट्यांनी जखडलेला आहे. त्याला कपड्यांची दोरी बांधतात.

नव्या टीव्हीच्या पाठीला अँटेन्याचे गोल भोक अजूनही असते. त्यात काही लावलेले नसते.