मागे कुणीतरी थांबलंय

मुंबईच्या भोईवाड्यात शांततेची वाट बघत बसलात, तर एकही पुस्तक वाचून व्हायचं नाही. जवळच केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं. अँब्युलन्सचा आवाज दिवसरात्र. श्रावण लागला की मंडळाच्या ढोल-ताशाची तालीम. ‘वाचायला निवांतपणा कुठाय?’ हे माझं उत्तर चाळिशी उलटेपर्यंत ठरलेलं होतं आणि ऐकणाऱ्यालाही ते पटायचं.

पण लहानपणी तरी निवांतपणा कुठे होता? आमच्या मजल्यावर एकच ‘नवाकाळ’ यायचा. नीळकंठ खाडिलकरांचा अग्रलेख कुणीतरी गॅलरीत मोठ्यानं वाचायचं आणि पहिली पाळी करून आलेले गिरणीवाले ऐकता ऐकता वाद घालायचे. १९८२चा गिरणी संप सुरू झाल्यावर ऐकणारे वाढलेच. पाळी उरली नव्हती ना. पुस्तकांचंही तसंच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार आमच्याकडे दिवसाच्या भाड्यानं यायचा आणि एका दिवसात तीन-चार खोल्या फिरायचा. माझ्या हातात पुस्तक असलं की शेजारचा पोरगा उंबऱ्यात हजर. ‘झालं का रे?’

त्या ‘झालं का रे’वर आमचं वाचन चालायचं, हे मला फार उशिरा उमगलं. पुढे नोकरी लागली, दादरच्या प्रदर्शनांतून पुस्तकं विकत आणू लागलो. मालकीची पुस्तकं, त्यामुळे घाई कसली? ती कपाटात उभी राहिली. मोबाइलला शिव्या देण्यात अर्थ नाही. तो येण्याआधीच माझं वाचन सुटलं होतं.

मग नायगावला शारदा टॉकीजजवळच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा सभासद झालो. संस्था १८९८ची. भोईवाड्यातून चालत जाता येतं. अनामत भरली, वर्गणी भरली आणि परतीची तारीख पडलेलं पुस्तक घेऊन घरी आलो. मागे पुन्हा कुणीतरी थांबलं होतं, फक्त या वेळी दिसत नव्हतं.

सुरुवात कठीण गेली. दोन पानं झाली की नजर घसरायची, हात आपोआप खिशात जायचा. जाड कादंबरी झेपेना, तेव्हा मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ हाती घेतलं. त्यात गिरणगावची माणसं स्वतः बोलतात. एक माणूस बोलून झाला की थांबता येतं आणि गाव आपलंच, म्हणून पुढचा काय म्हणतो याची उत्सुकताही राहते. आईच्या बीपीसाठी केस पेपरच्या रांगेत उभा असताना त्यातली कितीतरी पानं वाचून झाली. गॅलरीतले ते वाद मला पुन्हा ऐकू येत होते.

त्यानंतर जयंत पवारांचं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवारांच्या कथा लांब असतात, मध्येच सोडवत नाहीत. एक वाचताना खाली ढोल सुरू होता आणि तो थांबल्यावरच मला कळलं, की इतका वेळ तो वाजत होता. निवांतपणाचं माझं कारण तिथेच निकालात निघालं.

आता शेजारच्या वहिनीही विचारतात, ‘भावजी, तुमचं झालं की दोन दिवस द्याल?’ मग मला तारखेच्या दोन दिवस आधी संपवावं लागतं. (रहस्यकथांवर त्यांचा माझ्याआधी हक्क, हे घरात मान्य झालंय.)

‘वाचायचंय, पण होत नाही’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: निदान वर्षभर नवं पुस्तक विकत घेऊ नका. प्रकाशक रागावतील, रागावू देत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि त्याखाली अनुदान मिळणारी लहानमोठी वाचनालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जवळचं गाठा, वर्गणी भरा आणि पहिल्या खेपेला पातळसं पुस्तक उचला. नाही आवडलं तर तसंच परत करा, दुसरं मिळतं.