चवीपुरता आवाज

जिभेच्या आवडीनिवडी सांगताना माणूस कधी लाजत नाही. आमटीत गूळ हवा की नको, या एका प्रश्नावरून आमच्या घराण्याच्या दोन शाखा गेली पन्नास वर्षे एकमेकींच्या पंगतीत नाके मुरडीत आल्या आहेत. पाककृतीच्या पुस्तकातली लेखिकासुद्धा सगळी मापे सांगून झाल्यावर शेवटी ‘मीठ चवीपुरते’ असे लिहिते आणि पुढचा कारभार आपल्यावर सोपवून मोकळी होते. परंतु कानाच्या बाबतीतही आपल्याला असाच अधिकार आहे, याचा मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत पत्ता नव्हता. आवाज येईल तसा ऐकावा, फार तर लहानमोठा करावा, एवढेच माझे ज्ञान.

हे अज्ञान दूर केले माझ्या भाच्याने. गेल्या भाऊबिजेला बहिणीला ओवाळणी घालायला गेलो आणि येताना खिशात एक डबी घेऊन आलो. भाचा एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. रंगमंचावर उभा असताना त्याच्या दोन्ही कानांत दोन बोंडे असतात. त्यांना म्हणायचे ‘इन-इअर मॉनिटर’. पूर्वी कलावंतांच्या पायांशी मोठे स्पीकर मांडून ठेवीत. ढोल-गिटारांच्या कल्लोळात आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून ते मोठे करावेत, तो कल्लोळच आणखी वाढे. १९९५ साली व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाचे ध्वनियोजक जेरी हार्वे यांनी त्यांच्या ड्रमवादकासाठी कानाच्या मापाने घडवलेली एक जोडी बनवली, आणि या बोंडांच्या धंद्याला मोठी चालना मिळाली. आता ज्याला जे हवे ते त्याच्या कानात, हवे तेवढे. भाचा म्हणतो, ज्याला त्याला आपलेच वाद्य मोठे हवे असते!

त्याने स्वतःसाठी नवी जोडी घेतली होती. जुनी माझ्या वाट्याला आली. घरी येऊन मोठ्या हौसेने ती कानांत घातली, एक आवडते जुने नाट्यगीत लावले, आणि हिरमुसलो. तबल्याचा डग्गा जणू रजेवर गेला होता. पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ आवाज. भाच्याला फोन केला, तर तो हसत म्हणाला, “मामा, बूच नीट बसलं नाही तुमचं. डबीतल्या दुसऱ्या टोप्या लावून बघा.”

डबीत सिलिकॉनच्या लहान, मध्यम आणि मोठ्या टोप्या होत्या. फटीतून हवा निसटली की खर्जही तिच्याबरोबर निसटतो. तासभर झटापट केल्यावर शोध लागला, की माझ्या उजव्या कानाला मध्यम टोपी बसते आणि डाव्याला मोठी. एकाच डोक्याचे दोन कान, पण मापे निरनिराळी! बूच बसताच डग्गा रजेवरून परतला. आवाज पालटला होता, आणि अजून एकाही कळीला मी हात लावलेला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी भाचा घरी आला आणि त्याने माझ्या फोनमध्ये इक्वलायझर उघडून दिला. दहा उभ्या पट्ट्या. डावीकडे ३१ हर्ट्झ म्हणजे अगदी जमिनीतून आल्यासारखा खर्ज, उजवीकडे १६,००० हर्ट्झ म्हणजे सुईच्या अग्रासारखा बारीक स्वर. पट्टी वर सरकवली की तेवढाच भाग उठतो, खाली आणली की बसतो.

“पण बनवणाऱ्याने आवाज नीट करूनच दिला असेल ना?” मी विचारले.

“दिला आहे, पण सरासरी कानासाठी. तुमचा कान सरासरी आहे असं कुठं लिहून दिलंय?”

मग त्याने मला थोडे शास्त्र पाजले. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते. तोंडाशी उघडी असल्यामुळे ती ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप मोठे करते, आणि जन्मापासून तसेच ऐकण्याची आपल्याला सवय असते. बोंडाने तोंड बुजवले, की हा नैसर्गिक उठाव बिघडतो. तो बनवणाऱ्याला आपल्या अंदाजाने परत घालावा लागतो. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे, की आवाज हळू ठेवला तर खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त हरवतो. म्हणून हळू ऐकणाराला खर्ज थोडा वाढवून घ्यावासा वाटतो. अलीकडे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांच्या हातीच खर्जाच्या आणि बारीक स्वरांच्या कळी दिल्या व त्यांना काय रुचते ते मोजले. बहुतेकांची आवड एका वळणाची निघाली, तरी कोणाला खर्ज जास्त हवा होता, कोणाला कमी. कमी मागणाऱ्यांत पन्नाशीपुढची मंडळी बरीच होती. हे शेवटचे वाक्य मी त्या वेळी कानाआड केले.

जाताना भाच्याने चार नियम सांगितले. ओळखीचेच गाणे लावावे. एका वेळी एकच पट्टी हलवावी. वाढवण्याआधी कमी करून पाहावे. आणि जुने-नवे ताडून पाहताना दोन्हींचा मोठेपणा सारखा ठेवावा, कारण जे मोठे ते कानाला नेहमी चांगलेच वाटते. (हा चौथा नियम सभा-संमेलनांनाही लागू आहे.)

वाचकहो, त्यानंतरच्या आठ रात्री मी अशा धुंदीत घालवल्या, की सौभाग्यवतीला माझ्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. २५० हर्ट्झची पट्टी थोडी उतरवली, तर गायकाच्या आवाजावरची गोधडी निघाल्यासारखी झाली. ४,००० ची चढवली, तर शब्दांना धार आली. ८,००० ची चढवली, तर तंबोऱ्याच्या तारा झगमगू लागल्या.

त्या तंबोऱ्याने मला एकदम मिरजेला नेले. माझे आजोळ तिथले. सुटीत मी तंतुवाद्यांच्या दुकानापुढे तासन् तास उभा राही. वाद्य तयार झाले, की कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवी. दोरा केसभर पुढे, केसभर मागे. आणि कुठल्यातरी एका जागी मुकी तार अचानक बोलू लागे. तीच ती जवारी. एका गवयाला एके जागी गोड वाटे, दुसरा येऊन दोरा पुन्हा सरकवी. पंडित रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खाँसाहेबांच्या सतारीची बंद; यांत चूक कोण म्हणणार? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला जणू माझाच सत्कार झाल्यासारखे वाटले होते. मी मनात म्हटले, आपण या पट्ट्या सरकवतो म्हणजे तरी काय, सूतच सरकवतो आहोत!

आठव्या रात्री माझी जवारी लागली. भाच्याला मुद्दाम बोलावले, बोंडे त्याच्या हाती दिली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. त्याने ती कानांत घातली आणि दोन क्षणांत ओढून काढली.

“मामा! केवढं टोचतंय हे! कसं ऐकता तुम्ही?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. ऐकले कसले, मीच बोललो होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाल्यावर एका जुन्या टू-इन-वनपाशी बसून असत. सकाळी रेडिओवरच्या बातम्या, दुपारी नाट्यगीतांच्या कॅसेट. त्याचे टोनचे बटण ते अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवीत. साऱ्या घरात पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज भरे. कचेरीतून आलो, की मी पहिले काम कोणते करीत असेन, तर ते बटण खालच्या टोकाला फिरवायचे. “अण्णा, केवढं टोचतंय हे! कसं ऐकता तुम्ही?” ते म्हणत, “अरे, शब्द हरवतात.” मला तो हट्ट वाटे. मी बटण फिरवावे, त्यांनी दुसऱ्या दिवशी परत न्यावे, असे दोनतीन वर्षे चालले. मग एके दिवशी त्यांनी ते परत नेले नाही. पुढेपुढे मी घरी असलो म्हणजे ते यंत्र बंदच असे, आणि अण्णा शेजारी नुसते बसलेले असत. घर शांत झाले म्हणून मी खूष होतो. १९९९ साली ते गेले.

दुसऱ्याच आठवड्यात मी श्रवणतज्ज्ञाकडे गेलो. सौ.चा आग्रह आधीपासून होता. ‘येताना साखर आणा’ असे तिने सांगितल्यावर मी पोळी-भाजी केंद्रातून ज्वारीच्या चार भाकरी घेऊन आलो होतो, त्याला फार दिवस झाले नव्हते. एका बंद खोलीत बसवून त्या बाईंनी मला बारीकबारीक सूर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचे. मग आलेख समोर ठेवला. १,००० हर्ट्झपर्यंत रेघ बरीचशी सपाट, तिथून उतरण, आणि ४,००० च्या पुढे घाटच. मी फोनमधल्या माझ्या पट्ट्या काढून त्याच्या शेजारी धरल्या. जिथे आलेख खाली गेला होता, तिथेच मी पट्ट्या वर चढवल्या होत्या.

बाई म्हणाल्या, “वयाबरोबर आधी बारीक स्वर जातात. स, श, त, फ यांची ओळख तिथंच पटते. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द हरवतात.”

अण्णांचेच शब्द होते ते.

आतल्या कानातल्या ज्या पेशी गेल्या त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. उरलेल्यांना मात्र जपता येते. ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात ३ डेसिबलची भर पडली की मुदत निम्म्यावर, २० तासांवर येते. हा हिशेब मी कागदावर उतरवून भाच्याकडे पाठवला. रंगमंचावर तास घालवायचे त्यालाच आहेत. महिन्याभरात मला श्रवणयंत्रही आले. तो एक इक्वलायझरच. फक्त त्याच्या पट्ट्या माझ्या आलेखाबरहुकूम सरकवलेल्या आहेत.

यंत्र आले त्या संध्याकाळी मी माळ्यावर चढलो. अण्णांचे टू-इन-वन फडक्यात बांधून ठेवलेले होते. गाठ सोडली. टोनचे बटण खालच्या टोकाला होते. इतकी वर्षे त्याला कोणाचा हात लागला नव्हता. शेवटचा हात माझा होता.

मी ते पुसले, बटण सावकाश वरच्या टोकाला नेले आणि यंत्र खाली आणून खिडकीशी ठेवले.

“चालतो का हो तो अजून?” स्वयंपाकघरातून प्रश्न आला. शब्दन् शब्द ऐकू आला.

“नाही,” मी म्हणालो, “पण राहू दे इथंच.”