अंधारात झोपणारी चित्रं

मित्रांनो, पानं पोखरत जाणारी ती खादाड अळी आठवते? ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, १९६९ सालचं पुस्तक. एरिक कार्ल यांना ते सुचलं कागदाला भोकं पाडायच्या पंचिंग मशीनवरून, बरं का! अशी भोकांची पानं अमेरिकेत छापणं परवडेना, म्हणून पहिली छपाई झाली जपानमध्ये.

कार्ल पती-पत्नींनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट गावी चित्रपुस्तकांच्या मूळ चित्रांचं संग्रहालय उघडलं. तिथली प्रदर्शनं इतर गावांनाही जातात. मूळ चित्र जवळून पाहिलं की गंमत कळते. कार्ल पातळ टिश्यू कागद आधी रंगवत, मग कापून चिकटवत! कागदाच्या सुरकुत्या, ब्रशचे फटकारे छापील पानावर कुठले दिसायला?

पण दालनात दिवे मंद का? खिडकीत राहिलेल्या वहीचं कव्हर कसं विटतं, तसंच. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून चित्रं काही महिनेच भिंतीवर, मग अंधारात लांबलचक विश्रांती. दाखवलं नाही तर उपयोग काय, आणि सारखं दाखवलं तर उरणार काय? मोठा पेच आहे हो!

चित्रांना हात लावायचा नाही. हात शिवशिवलेच, तर संग्रहालयाच्या कार्यशाळेत कागद-कात्री तयार असते. आईबाबांनाही मज्जाव नाही.